भैरवनाथाच्या आठ हंड्या

“म्याडम, आता लावा तुमचा दिवा,” आबा म्हणाले.

मी लगेच लावला नाही. अंधाराला डोळे सरावायला पाच-सात मिनिटं द्यावी लागतात, नाहीतर फिकी चमक दिसत नाही. बाहेर भर दुपारचा एक वाजला होता आणि चैत्राचं ऊन नुसतं पेटलं होतं. आत भैरवनाथाच्या सभामंडपात आम्ही चाळीसेक माणसं दारं-खिडक्या लावून घामाघूम बसलो होतो. खिडक्यांवर घोंगडी टांगली होती. ती बिरामामांच्या घरची. देवाच्या हंड्यांच्या चोरीचा आळ त्यांच्यावरच होता, आणि अंधार करायला घोंगडीही त्यांनीच आणून बांधली होती. बांधून झाल्यावर ते एका खांबाला पाठ लावून उभे राहिले.

गावाचं नाव मी लिहीत नाही. भीमेच्या काठावर, दौंडच्या बाजूला आहे एवढं पुरे. माणसांची नावंही बदलली आहेत. मी शिरूरची. पुण्यातल्या एका संग्रहालयात बत्तीस वर्षं काच आणि चिनी माती सांभाळण्याचं काम केलं. रिटायर होऊन गावी आले तरी कुणाकुणाचे फोन येत राहतात. कुणाकडे आजोबांची अत्तरदाणी असते, कुणाकडे काचेचं झुंबर. “हे खरंच जुनं आहे का?” एवढंच त्यांना हवं असतं. त्यासाठी माझ्याकडे हातात मावेल एवढा यूव्ही टॉर्च आहे. त्याचा प्रकाश आपल्या डोळ्यांना जवळपास दिसत नाही, पण तो ज्या वस्तूवर पडतो ती कधीकधी स्वतःच चमकायला लागते.

या चमकेचं गणित सोपं आहे. वाळूत लोखंड असतं, त्यामुळे काच मुळात हिरवट होते. जुने कारागीर तो हिरवटपणा मारायला काचेत थोडं मँगनीज घालायचे. अशा काचेवर यूव्ही पडला की ती आतून फिकी पोपटी दिसते. पुढे ही पद्धत मागे पडली, त्यामुळे आजची काच सहसा तशी दिसत नाही. उलट आजचे गोंद, वॉर्निश, लेप निळसर पांढरे पेटतात. जुनी म्हणून खपवायच्या नव्या काचेवर नक्षी कोरत बसायला कुणाला वेळ आहे? त्यावर दुधी रंगाच्या लेपाचा छाप मारतात. साध्या उजेडात फसायला होतं, टॉर्चखाली छाप उघडा पडतो.

भैरवनाथाच्या हंड्या आठ होत्या. हंडी म्हणजे छताला साखळ्यांनी टांगायचा काचेचा दिवा. पोट मोठं, तोंड उघडं, आत तेलाचा पेला ठेवायचा. गावातल्याच एका रेल्वे कंत्राटदाराने साहेबाच्या काळात, दौंडच्या एका रेल्वे बंगल्यातलं सामान लिलावात निघालं तेव्हा या हंड्या घेऊन देवाला वाहिल्या, असं गावात सांगतात. प्रत्येकीच्या पोटावर द्राक्षाच्या वेलीची खरबरीत दुधी नक्षी. चार हंड्या मंडपात, चार गाभाऱ्यासमोर.

वर्षातून एकदा, यात्रेच्या आदल्या दिवशी त्या उतरवून धुवायच्या. धुण्याचा मान बिरामामांच्या घराचा. त्यांचे पूर्वज मेंढरं घेऊन हिंडणारे. पुढे इथंच जमीन करून राहिले, आणि देवाच्या कामातला हा एक मान घराकडे आला. मान म्हणजे नुसतं काम नव्हे. त्या दिवशी उपास करायचा, देवापुढे उभं राहून मुठीत भंडारा घ्यायचा आणि मोठ्याने म्हणायचं, “रिठ्याच्या पान्याबिगर काय लावनार न्हाई.” साबणात जनावराची चरबी असते, म्हणून साबण वर्ज्य. बिरामामांनी चाळीस वर्षं हे केलं होतं, आणि त्यांच्या हातून एकही हंडी फुटली नव्हती. हे मला आबांनीच सांगितलं.

आबा देवस्थान ट्रस्टचे अध्यक्ष. बागायतदार, सोसायटीतलं वजनदार नाव, पण डोक्याने सरळ माणूस. यात्रेत गाभाऱ्यासमोरच्या चार हंड्या अशा झळकत होत्या की लोक देवाआधी त्यांच्याकडेच बघत होते. एरवी त्या चार कायम काळवंडलेल्या, कारण समईची सगळी काजळी त्यांच्यावर बसते. मग कुणीतरी म्हणालं, “ह्या त्या न्हाईतच.” तिसऱ्या दिवशी गावभर झालं होतं, की बिरामामांनी जुन्या हंड्या पुण्याच्या व्यापाऱ्याला देऊन नव्या टांगल्या. पोलिसात गेलं तर देवाची अब्रू जाईल, म्हणून ट्रस्टचे सेक्रेटरी म्हणाले, सायंटिफिक रिपोर्ट घेऊ. हे सेक्रेटरी रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला सुपरवायझर. माझा नंबर त्यांनीच शोधून काढला.

मी टॉर्च लावला.

मंडपातल्या चार हंड्या आधी घेतल्या. चारही सुंदर पोपटी. अगदी नवतीच्या पालवीचा रंग. मागून कुणीतरी “आगं आयं गं” म्हणालं. मीही खूश झाले, कारण एवढी चांगली काच आपल्या भागात मी पाहिली नव्हती. मग गाभाऱ्यासमोरची पाचवी हंडी धरली. पोट निळसर, आणि द्राक्षाची वेल तर पांढरीफेक पेटलेली. पान न् पान, मणी न् मणी. सहावी तशीच. सातवी, आठवी तशीच.

 लोकांना कळायला माझ्या बोलण्याची गरजच नव्हती. चार हिरव्या, चार निळ्या.

आता माझी पद्धत सांगते, कारण चूक तिथेच झाली. अशी चमक दिसली तर आधी काच धुवायची असते. ती काचेची आहे की वरच्या घाणीची, तेलाची, साबणाची, ते धुतल्यावरच कळतं. हे मी स्वतः पोरांना शिकवलेलं आहे. मी बॅगेतून स्पिरिटची बाटली आणि कापूस काढला. पुजारी पुढे आले.

“ते काय हाय?”

“स्पिरिट. पुसून बघते.”

“म्हंजी दारूच की. देवाच्या हंडीला दारू लावायची न्हाई.”

“मग साध्या पाण्याने धुते.”

“धुवायचा मान बिराजीचा,” आबा म्हणाले. “दुसऱ्या कुनाचा हात पान्यानं लागत न्हाई. आन् निकाल लागस्तवर बिराजीचा हात मी लावू देनार न्हाई. लोक म्हनतील पुन्यांदा बदलल्या.”

म्हणजे मला धुता येईना आणि बिरामामांना धुवू देईनात. अशा वेळी माणसाने सामान आवरून घरी जावं आणि कागदावर लिहावं, तपासणी अपूर्ण. मी तसं केलं नाही. मला उकडत होतं. चाळीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि खरं सांगायचं तर बत्तीस वर्षांच्या अनुभवाचा माज होता. मी एक सोपी पळवाट शोधली. बिरामामांकडे वळून सगळ्यांसमोर विचारलं, “मामा, यंदा हंड्यांना काही वेगळं लावलं होतं का? साबण, पावडर, पॉलिश, काहीही?”

अंधारात त्यांचा चेहरा दिसला नाही. 

“न्हाई,” ते म्हणाले. “रिठ्याच्या पान्याबिगर काय न्हाई.”

मग मला मार्ग मोकळा झाला. लावलं काहीच नाही, म्हणजे चमक नक्षीचीच. नक्षी चमकते, म्हणजे ती कोरलेली नाही, लेपाची आहे. नखाने घासून पाहिलं तर नक्षी मंडपातल्या हंड्यांपेक्षा गुळगुळीतही लागली. सगळं जमून आलं. सातव्या हंडीच्या गळ्यातल्या पितळी कड्यात काचेचा एक टवका अडकला होता, भाताच्या दाण्याएवढा. तो चिमट्याने काढून पाकिटात टाकला, वर नंबर घातला. हीसुद्धा सवय. तो टॉर्चखाली धरून बघायचं मला सुचलं नाही, कारण माझ्या दृष्टीने निकाल लागलेला होता.

घोंगडी काढली, उजेड आला. तिथेच बसून रिपोर्ट लिहिला. ‘क्रमांक पाच ते आठ या हंड्यांवरील नक्षी आधुनिक लेपाची असून त्या अलीकडच्या बनावटीच्या असण्याची दाट शक्यता आहे.’ ‘दाट शक्यता’ हे शब्द आम्ही जपून वापरतो. सेक्रेटरींनी तो मोठ्याने वाचून दाखवला आणि शेवटी म्हणाले, “म्हंजी चार खऱ्या, चार खोट्या.” मी दुरुस्त केलं नाही.

आबा उठले. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले नाहीत. देवापुढची भंडाऱ्याची वाटी घेऊन ते बिरामामांच्या समोर गेले.

“बिराजी, मशीन ऱ्हाऊ दे बाजूला,” ते म्हणाले. “तू ह्यातला भंडारा उचल आन् म्हन, मी चोरी केली न्हाई. मी मानतो. सगळ्या गावाला मानाया लावतो.”

भंडारा उचलणं म्हणजे देवाची शपथ घेणं. त्यापुढे या भागात कागद चालत नाही, कोर्टही चालत नाही. माझा रिपोर्ट एका चिमटीने रद्द झाला असता. बिरामामांनी हात पुढे केला. वाटीच्या वर तो थांबला. सगळे बघत होते. मग त्यांनी हात मागे घेतला, धोतराला पुसला आणि मान खाली घालून मंडपाच्या बाहेर गेले. चपला घालायला विसरले.

त्यानंतर कुणाला काही शंका राहिली नाही. मलाही नाही. परतीच्या एसटीत, न्हावऱ्यापर्यंत उभ्याने यावं लागलं तरी, आपला निष्कर्ष असा लगोलग पक्का झाला याचं मला समाधान वाटत होतं. हे लिहिताना माझीच मला शिसारी येते, पण तसं वाटलं हे खरं आहे.

घरी माझ्याकडे काचेच्या तुकड्यांचा एक डबा आहे. जिथे जाईन तिथला तुकडा स्वच्छ करून, नंबर लावून त्यात ठेवते. तो टवका पाकिटातच राहिला होता. महिन्याभराने डबा आवरायला काढला तेव्हा हाती आला. बशीत स्पिरिट घेतलं, तुकडा घोळवला, कापसाने पुसला. आणि नोंद करायची म्हणून परकराचा पडदा करून टॉर्च लावला.

तुकडा पोपटी होता. बशीतलं स्पिरिट आणि कापूस निळे पांढरे पेटलेले होते.

मी टॉर्च बंद केला, पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग मोरीत जाऊन कपडे धुवायची पावडर चिमूटभर आणली आणि शेजारी ठेवली. ती आणि कापूस, दोन्ही एकाच रंगाचे. कपडे पांढरे दिसावेत म्हणून या पावडरींत एक रसायन घालतात, ते यूव्हीखाली असंच चमकतं. ही काही मोठी गुप्त विद्या नाही. पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. खरबरीत नक्षीत पावडर बसली होती, म्हणून वेल पेटली होती. म्हणूनच नखाला गुळगुळीत लागली होती. काच जुनीच होती. चारही जुन्या.  

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने गेले. आबा ओट्यावर पेपर वाचत होते. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं.

“आबा, माझं चुकलं. हंड्या खऱ्या आहेत. चारही. उतरवून द्या, माझ्यासमोर धुवा, मी सगळ्या गावासमोर दाखवते आणि हात जोडते.”

आबांनी पेपरची घडी केली. 

“हंड्या न्हाईत,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“अवसंला भीमेला दिल्या. खोटी वस्तू देवाम्होरं ठेवत न्हाईत, म्याडम. फोडल्या, फडक्यात दगड घालून बांधल्या आन् डोहात सोडल्या.”

दगड घालून बांधल्या, हे ते पुन्हा एकदा म्हणाले, जसं काही मीच विचारलं होतं. मग माणूस पाठवून त्यांनी दोन भोई बोलावले. नदीकाठी मासे धरणारे हे लोक, पाण्यात तासन्‌तास राहतात. दोन दिवस त्यांनी बुड्या मारल्या. वाळू उपशाने डोहात खड्डे पडलेत, त्यांत माणूस बुडेल एवढा गाळ. त्यांच्या हाती एक पितळी कडं आलं आणि टायरचा तुकडा आला. काच नाही. मी दोन्ही दिवस काठावर छत्री घेऊन बसले होते, आणि तिकडून जाणाऱ्या बाया मला बघून पदर सावरून पुढे जात होत्या.

माझ्याकडे आता भाताच्या दाण्याएवढा पुरावा उरला होता. तो आबांना दाखवला, सेक्रेटरींना दाखवला.

“ह्यो तुकडा त्या हंडीचाच कशावरनं?” सेक्रेटरींनी विचारलं. प्रश्न चुकीचा नव्हता. क्वालिटीचा माणूस तेच विचारणार.

“माझ्या हाताने काढलाय.”

“मंग तवा निळं आन् आता हिरवं, असं कसं?”

“तेव्हा वर पावडर होती.”

“बिरामामा तर न्हाई म्हनले. सगळ्यांम्होरं.”

आबांनी त्यांना हाताने गप्प केलं. “म्याडम, तुम्ही म्हनताय ते मला पटतंय,” ते म्हणाले. “पर माझ्या पटन्यानं काय हुतंय? काय लावलं हुतं, ते त्याच्या तोंडानं येऊ दे. मी आजच्या आज मीटिंग बोलावतो. त्यानं निस्तं सांगावं. मान त्याचा त्याला परत.”

मला हायसं वाटलं. एवढंच तर करायचं होतं. एक वाक्य.

बिरामामांचं घर गावाबाहेर, ओढ्यापलीकडे. ते गोठ्याजवळ दोरी वळत बसले होते. महिन्याभरात माणूस अर्धा झाला होता. मला बघून उठले, घोंगडं झटकून पसरलं, “बसा” म्हणाले. जिने त्यांच्यावर चोरीचा शिक्का मारला तिला त्यांनी आधी पाणी दिलं. तांब्या मी तसाच बाजूला ठेवला.

सगळं सांगितलं. माझी चूक, तुकडा, पावडर, आबांचा शब्द. ते दोरी वळतच राहिले. बोलली ती त्यांची सून मंगल. ती कुरकुंभच्या एका युनिटमध्ये पॅकिंगला जाते. तिथे कपड्याच्या पावडरीचा माल बनतो आणि सॅम्पलच्या पिशव्या कधीमधी कामगारांना मिळतात. ती चौकटीत उभी होती. सेकंड शिफ्टला निघायची तयारी करून.

“मीच दिली व्हती, ताई,” ती म्हणाली. “मामंजी दोन दिस घासत व्हते. हाताची बोटं वळंनात. आताचं तेल कसलं, उदबत्त्या कसल्या, काजळी डांबरावानी चिकटती. रिठ्यानं निघंचना. यात्रा दुसऱ्या दिशी. मी म्हनलं, जरा पावडर घालू, देव काय बघतोय व्हय. चारच ऱ्हायल्या व्हत्या.”

“मंगल,” बिरामामा म्हणाले.

ती रडायला लागली आणि आत गेली.

“मामा, हे मीटिंगमध्ये सांगा,” मी म्हणाले. “एवढंच. साबणाची चूक ती काय? काजळी निघत नव्हती, म्हणून लावली. चोरीचा डाग तर जाईल.”

त्यांनी दोरी खाली ठेवली.

“मला सांगा, तवा भंडारा का न्हाई उचलला मी?”

त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला.

“यात्रेच्या आदल्या दिशी ह्याच हातानं भंडारा घेतला. म्हनलं, रिठ्याबिगर काय लावनार न्हाई. आन् सांजच्याला ह्याच हातानं पावडर लावली. चाळीस साल झाली, माझ्या बानं, आज्यानं केलं, कुनी मोडली न्हाई ती आण मी मोडली. त्यो हात पुन्यांदा भंडाऱ्यात घालून काय म्हनू?”

“पण चोरी तर केली नाही ना? ती शपथ खरीच होती.”

“ती खरी व्हती. हात खोटा व्हता.”

मी पुष्कळ बोलले. मला जे जे सुचलं ते सगळं. देव असा हिशेब ठेवत नाही, पावडरीत आता चरबीबिरबी काही नसते, आबा स्वतः तुमच्या बाजूने आहेत, नातवंडांना उद्या लोक काय म्हणतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. अडवलं नाही.

“म्याडम,” ते शेवटी म्हणाले, “गाव मला चोर म्हनतंय. ते खोटं हाय, म्हनून मला झोप लागती. हे सांगितलं, की मंग लोक जे म्हनतील ते खरं आसंल. ते घिऊन मी कुटं जाऊ?”

मग त्यांनी माझ्याकडून शब्द मागितला, की पावडरीचं मी गावात कुणापाशी बोलायचं नाही. आबांपाशीसुद्धा नाही. मी नाही म्हणायला हवं होतं का, हे मला अजून कळलेलं नाही. त्यांचं एवढं नुकसान करून बसल्यावर त्यांनी मागितलेली एकमेव गोष्ट नाकारायची माझी हिंमत झाली नाही. मी शब्द दिला.

आबांना जाऊन सांगितलं, मामा काही बोलत नाहीत. आबांनी माझ्याकडे नीट बघितलं. त्यांना काहीतरी कळलं असावं, पण त्यांनी विचारलं नाही. मी दुसरा रिपोर्ट लिहून दिला. ‘तपासणीपूर्वी काच स्वच्छ केलेली नव्हती. त्यामुळे पहिला निष्कर्ष मी पूर्णपणे मागे घेत आहे. चूक सर्वस्वी माझी आहे.’ काच कशाने मळली होती, ते लिहिलं नाही. आणि तेवढंच नसल्यामुळे तो कागद लंगडा राहिला. आबांनी मीटिंगमध्ये वाचून दाखवला. मागच्या ओळीतून कुणीतरी म्हणालं, “म्याडमला बिराजीनं बकरं कापलं आसंल.” लोक हसले, आणि विषय रस्त्याच्या डांबरीकरणावर गेला. हे मला सेक्रेटरींनी फोनवर सांगितलं.

हंड्या धुण्याचा मान ट्रस्टने काढून घेतला तो कुणालाच दिला नाही. राहिलेल्या चार हंड्या आता पुजारी कोरड्या फडक्याने पुसतात. बिरामामा देवळाची पायरी परत चढले नाहीत. दोन वर्षांनी ते गेले. मंगलचा फोन आला तेव्हा मी पुण्यात होते, तिसऱ्या दिवशी पोचले. दारात चार नातेवाईक होते आणि आबा होते. गावातलं बाकी कुणी नव्हतं.

परत येताना देवळाच्या ऑफिसात गेले. भिंतीवर माझा पहिला रिपोर्ट होता. रांजणगावच्या कंपनीत सगळं लॅमिनेट करून भिंतीला लावायची पद्धत आहे, सेक्रेटरींनी इथेही तेच केलेलं. खाली माझी सही, माझा हुद्दा, संग्रहालयातल्या नोकरीची वर्षं. दुसरा कुठे आहे विचारलं तर फाईलमध्ये आहे म्हणाले.

“आबा, हा काढून टाका,” मी म्हणाले. “माणूस गेला आता.”

“काढतो की,” आबा म्हणाले. “पर लोक इचारतील, का काढला. काय सांगू? तुम्ही सांगा, मी तसं सांगतो.”

मी मंगलकडे बघितलं. ती माझ्यासोबत आली होती. तिने हळूच मान हलवली, नाही म्हणून. मी आबांना म्हटलं, राहू दे.

हा मजकूर मंगलला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, “कुटल्या गावचं ते घालू नका, मंग चालंल.” तसंच केलं आहे. काचेचं काम मी अजून करते. काच आधी स्वतः धुते. धुवू देत नसतील तर रिपोर्ट देत नाही, कितीही माणसं बघत बसलेली असोत. आणि काय लावलं होतं ते विचारायचं असेल, तर त्या माणसाला बाजूला नेऊन, एकट्याला विचारते.